मिशीतले पट्टे

घरात किडनीच्या कॅन्सरचा पेशंट असला की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "केमो किती झाल्या?" मामाच्या वेळी मामीने हे इतक्यांदा ऐकलं की पाहुणा खुर्चीत टेकायच्या आत ती सांगून टाकायची, "केमो नाही ओ, गोळ्या आहेत नुसत्या." ते ऐकून पाहुणा सैल व्हायचा. सलाइन नाही, केस गळत नाहीत, म्हणजे फार काही नसणार. मग मामा आतल्या खोलीतून भिंतीला धरत, टाचांवर चालत बाहेर यायचा आणि पाहुण्याची वाचा बसायची.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मामाच्या अंगात काय चाललंय हे मला बरेचदा आधी ट्यूबमध्ये दिसायचं आणि नंतर मामात. त्यातून या औषधांकडे बघायची एक सवयच लागली. साइड इफेक्ट म्हटलं की आपण समजतो, औषध चांगलं असतं पण अंगाला लागत नाही, उष्ण पडतं, वगैरे. या गोळ्यांचं तसं नाही. गाठीत जे काम करतात तेच त्या तळहातात, थायरॉइडमध्ये, रक्तवाहिन्यांत करतात. गाठीत झालं की त्याला गुण म्हणायचं, बाकी ठिकाणी झालं की त्रास.

आधी केमोचं. किडनीचा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर, ज्याला क्लिअर सेल म्हणतात आणि जो दर चार पेशंटमधल्या साधारण तिघांना असतो, तो गाळणीच्या पुढच्या बारीक नळीतल्या पेशींतून सुरू होतो. या पेशींचा जन्मच मुळी नको ते बाहेर फेकण्यासाठी. त्यांच्या भिंतीत त्यासाठी पंप असतात. पेशी कॅन्सरची झाली तरी पंप विसरत नाही, केमोचं औषध आत आलं की ते बाहेर टाकते. त्यामुळे वर्षानुवर्षं या आजारावर केमो देऊन बघितली आणि हात टेकले. डॉक्टर केमो देत नाहीत म्हणजे आशा सोडली, असा अर्थ आमच्याकडे एका शहाण्या नातेवाइकाने काढला होता आणि तो मामीला बोलूनही दाखवला होता. असो.

मग गोळ्या कुठून आल्या? त्याचं मूळ एका दुर्मिळ आनुवंशिक आजारात आहे. ऑयगेन फॉन हिप्पेल नावाचा जर्मन नेत्रतज्ज्ञ आणि अर्विड लिंडाउ नावाचा स्वीडिश पॅथॉलॉजिस्ट, या दोघांच्या नावाने तो ओळखला जातो. काही घराण्यांत डोळ्यात, मेंदूत रक्तवाहिन्यांचे गुंते होतात आणि त्याच लोकांना किडनीचे कॅन्सरही होतात. 1993 साली त्या घराण्यांतला बिघडलेला जीन सापडला, त्याला व्हीएचएल म्हणतात. आणि पुढे कळलं की ज्यांच्या घराण्यात असलं काही नाही, अशा मामासारख्या बहुतेक क्लिअर सेलवाल्यांच्या गाठीतही हाच जीन मोडलेला असतो.

हा जीन करतो काय, याचं उत्तर शोधणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 चं नोबेल मिळालं. पेशीत हिफ नावाचं एक प्रथिन सतत तयार होत असतं. ऑक्सिजन पुरेसा असेल तर त्याच्यावर एक खूण उमटते, व्हीएचएल ती खूण ओळखतं आणि हिफला मोडीत काढायला पाठवतं. ऑक्सिजन कमी पडला की खूण उमटत नाही, हिफ शिल्लक राहतं आणि हुकूम सोडतं: नव्या रक्तवाहिन्या आणा, तांबड्या पेशी वाढवा. उंच डोंगरावर राहणाऱ्यांच्या अंगात हेच होतं आणि ते योग्यच आहे. व्हीएचएल मोडलेल्या पेशीत मात्र हिफला मोडणारं कुणीच नसतं. भरपूर ऑक्सिजनमध्ये बसूनसुद्धा ती पेशी गुदमरल्यासारखी वागते आणि रक्तवाहिन्या मागत सुटते. मागण्याचं तिचं मुख्य साधन म्हणजे व्हीईजीएफ नावाचं प्रथिन. किडनीची गाठ इतकी रक्ताळलेली का असते, हे यातून कळतं.

गाठीचा रक्तपुरवठाच तोडला तर, हा विचार जूडा फोकमन नावाच्या बोस्टनच्या सर्जनने 1971 सालीच मांडला होता. त्यावर कितीतरी वर्षं लोक नाकं मुरडत होते. डिसेंबर 2005 मध्ये अमेरिकेत असा रक्तपुरवठा तोडणाऱ्या सोराफेनिब या गोळीला मंजुरी मिळाली आणि लगेच जानेवारी 2006 मध्ये सुनिटिनिबला. त्याआधी प्रतिकारशक्तीला चेतवणारी इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची किंवा तशाच जातीचं इंटरल्यूकिन-2, जे देताना रक्तवाहिन्या पाझरून बीपी कोसळायचं, पेशंटला जवळजवळ आयसीयूसारखं सांभाळावं लागायचं आणि मोजक्याच लोकांना लागू पडायचं. सुनिटिनिब आणि इंटरफेरॉनची तुलना झाली तेव्हा आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ 5 महिन्यांवरून 11 वर गेला. अकरा महिने म्हणजे काय मोठंसं, असं बाहेरच्याला वाटेल. घरातल्याला वाटत नाही.

मामाला सुनिटिनिब लागलं. चार आठवडे रोज एक कॅप्सूल, मग दोन आठवडे सुट्टी. एसटीत कंडक्टर म्हणून उभा जन्म गेलेला माणूस, त्याने या सुट्टीला "रजा" म्हणायला सुरुवात केली आणि कॅलेंडरवर रजेचे दिवस लाल पेनाने रंगवले.

आमच्या जुन्या वाड्यात कोठीच्या कुलपाची एक किल्ली होती, ती गोठ्यालाही लागायची, माळवदाच्या दाराला लागायची आणि जरा हिसका दिला तर शेजारच्या काकूंच्या फडताळालाही. सुनिटिनिब तशातलं आहे. पेशीच्या पृष्ठभागावर बाहेरचा निरोप घेणारी प्रथिनं असतात, निरोप आला की ती आत टायरोसिन कायनेज नावाचं काम चालू करतात. सुनिटिनिबला बंद करायचा असतो व्हीईजीएफचा निरोप, पण रचना सारखी असल्यामुळे त्याबरोबर आणखी काही दारं बंद होतात. त्यातलं एक म्हणजे किट. केसाला रंग देणाऱ्या पेशींचं काम या किटवर चालतं.

मामाची मिशी साठीतही काळीभोर होती आणि टोकाला पीळ दिलेली. दोन-तीन कोर्स झाल्यावर एका सकाळी मामी म्हणाली, "ह्यांची मिशी बघ, खारीसारखी झालीया." जवळ जाऊन बघितलं. पिळाच्या प्रत्येक केसात पांढरा पट्टा, मग काळा, मग परत पांढरा. पांढरा जरा लांब, काळा आखूड. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. चार आठवडे गोळी चालू, तेव्हा किट बंद, केस पांढरा निघाला. दोन आठवडे रजा, तेव्हा रंग परत आला. कॅलेंडरवर मामाने लाल पेनाने जे रंगवलं होतं, तेच मिशीत उतरलं होतं. गोळी अंगात पोचते की नाही याची मला लॅबमध्ये दुसरी कुठलीही चाचणी करायला लागली नसती. मामाला मात्र त्यात शास्त्राचं कौतुक कमी आणि लाज जास्त वाटली. त्याने मिशीच काढून टाकली.

मग तो पिवळा पडला. गल्लीत बातमी झाली, कावीळ झाली म्हणून. कुणीतरी कावीळ उतरवणाऱ्या बाईचा पत्ताही आणून दिला. काविळीत रक्तात वाढतं ते बिलिरुबिन मी स्वतः लावलं, नॉर्मल. डोळ्यांची बुबुळं सोडून बाकीचा भाग स्वच्छ पांढरा. सुनिटिनिबचा रंगच मुळात पिवळा-केशरी, तो कातडीत उतरतो आणि रजेत ओसरतो. लिव्हरला इजा करण्याची ताकद या औषधात आहे, त्यामुळे तपासणी करणं बरोबरच होतं. उतरवणाऱ्या बाईकडे मात्र जायला लागलं नाही.

तळहात-तळपायांचं सगळ्यात वाईट. चालताना, भांडं धरताना, चप्पल घासताना तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांना रोज किरकोळ मार बसतो आणि रोज त्यांची डागडुजी होते. डागडुजीला व्हीईजीएफ लागतं. तेच बंद केल्यावर जिथे दाब जास्त तिथली कातडी आधी लाल होते, मग जाड, मग तिला कढत फोडासारखी ठणक लागते, असं यामागचं कारण मानतात. मामाला शहाबादी फरशीवर अनवाणी पाय टेकवत नसे. भाकरी मोडता येत नसे. मामी दुधात कुस्करून द्यायची, तर त्याला ते म्हातारपण वाटायचं. तोंड सोललेलं, त्यामुळे तिखट बंद, आणि ज्या घरात ठेच्याशिवाय ताट पूर्ण होत नाही तिथे तिखट बंद म्हणजे जेवणच बंद. युरियाचं क्रीम, सुती मोजे, मऊ तळव्याची चप्पल, कोमट मिठाचं पाणी, यांनी फरक पडतो. पण खरा फरक पडतो तो डोस थांबवल्याने किंवा कमी केल्याने, आणि नेमकं तेच पेशंटला नको असतं.

मामा डॉक्टरांना सांगायचाच नाही. ओपीडीत शिरताना बूट घालून सरळ चालायचा. डॉक्टर विचारायचे, "काका, पाय कसे आहेत?" "एक नंबर." बाहेर आल्यावर बाकावर बसून बूट काढताना डोळ्यात पाणी. त्याचा हिशेब साधा होता: त्रास सांगितला तर गोळी बंद करतील, गोळी बंद झाली तर गाठ वाढेल. शेवटी एकदा मामीनेच पुढे होऊन त्याचा मोजा खाली ओढला. डॉक्टरांनी काही न बोलता बघितलं आणि आठवडाभर गोळी थांबवून वेळापत्रक बदललं, दोन आठवडे गोळी आणि एक आठवडा रजा. पुढच्या स्कॅनमध्ये फुप्फुसात पसरलेल्या कॅन्सरचे ठिपके होते तेवढेच होते. औषध थांबवणं, कमी करणं हे या उपचाराचा भागच असतं, कंपनीच्या माहितीपत्रकात डोस उतरवण्याच्या पायऱ्या छापलेल्या असतात. घाबरून लपवणारे पेशंट मी नंतरही कितीतरी बघितले.

बीपीची गोष्ट त्याहून गमतीची. व्हीईजीएफमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, ते त्यांना सैल ठेवतं. निरोप बंद झाला की वाहिन्या आवळतात आणि कधी कधी पहिल्याच आठवड्यात बीपी चढतं. पण सुनिटिनिब घेणाऱ्यांच्या नोंदी एकत्र करून बघितल्या तेव्हा ज्यांचं बीपी वाढलं त्यांचा आजार मध्यमानाने 12.5 महिने आटोक्यात राहिला आणि ज्यांचं वाढलं नाही त्यांचा 2.5 महिने. याचा अर्थ बीपी तसंच चढू द्यायचं असा नाही, आणि ज्याचं वाढलं नाही त्याला औषध लागूच पडत नाही असाही नाही. बीपी गोळीने खाली आणायचंच, तेही जपून, कारण डिल्टियाझेम, व्हेरापामिलसारखी काही बीपीची औषधं सुनिटिनिब मोडणाऱ्या लिव्हरच्या एन्झाइमलाच अडवतात आणि रक्तात सुनिटिनिब वाढतं. ग्रेपफ्रूट त्याच कारणासाठी नको, त्याच्याच कुळातलं पपनसही नको. टीबीचं रिफाम्पिसिन याच्या बरोबर उलट करतं, औषध भराभर मोडून टाकतं. आणि नातेवाईक बाटल्यांतून आणतात त्या काढ्यांमध्ये काय असतं हे आणणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

थायरॉइड मंदावतं, कारण ती ग्रंथी रक्तवाहिन्यांच्या जाळ्यावर जगते. मामा दिवसभर झोपून असायचा, थंडी वाजते म्हणायचा. सगळे म्हणाले कॅन्सर आहे, थकवा असणारच. थायरॉइड मंदावलं की रक्तात वाढतो तो टीएसएच लावला, तर कितीतरी पट वाढलेला. थायरॉक्सिन सुरू झाल्यावर महिन्याभरात तो परत कट्ट्यावर जाऊन बसायला लागला. आणि लघवीत प्रोटीन. किडनीच्या गाळणीतल्या वाहिन्यांनाही व्हीईजीएफ लागतं, त्यामुळे किडनीच्या कॅन्सरचं औषध उरलेल्या एकुलत्या किडनीची गाळणी सैल करतं. लघवीत बुडवायच्या पट्टीवरचा, डिपस्टिकवरचा, पिवळा चौकोन हिरवा पडताना बघून माझ्या पोटात गोळा यायचा.

सुनिटिनिबनंतर त्याची भावंडं आली: पॅझोपॅनिब, ॲक्सिटिनिब, कॅबोझॅन्टिनिब, लेनव्हॅटिनिब. कुणी लिव्हरला जास्त जड, कुणी पोटाला, कुणी उपाशीपोटीच घ्यायचं. यातला एक अभ्यास मला फार आवडतो. पिसेस नावाचा. एकाच पेशंटला काही आठवडे सुनिटिनिब आणि काही आठवडे पॅझोपॅनिब दिलं, कुठलं आधी ते त्याला न सांगता, आणि मग विचारलं, पुढे कुठलं चालू ठेवू? 70 टक्के म्हणाले पॅझोपॅनिब, 22 टक्के सुनिटिनिब. गाठ किती मिलिमीटर हे मोजणारे अभ्यास ढिगाने आहेत. बाबा रे, तुला कुठलं सोसवतं, असं विचारणारा क्वचित.

मधल्या काळात एमटॉर नावाचं पेशीतलं प्रथिन अडवणारी दोन औषधं आली, टेम्सिरोलिमस 2007 मध्ये आणि एव्हरोलिमस 2009 मध्ये. त्यांचं मूळ रापामायसिन, ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं. बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले सुरेंद्रनाथ सेहगल यांनी मॉन्ट्रियलमध्ये ते वेगळं केलं आणि कंपनीने ती प्रयोगशाळा बंद केली तेव्हा नमुने घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले. पेशीच्या वाढीची आणि अन्न वापरण्याची सूत्रं एमटॉरकडे असतात, त्यामुळे ही औषधं साखर आणि कोलेस्टेरॉल वाढवतात. सुनिटिनिब मात्र साखर उतरवू शकतं. एकाच आजाराची दोन औषधं आणि डायबेटिसवाल्याला सूचना एकमेकींच्या उलट.

2018 मध्ये मामाच्या गोळीची ताकद संपली आणि त्याला निव्होलुमॅब सुरू झालं, सलाइनमधून. पाहुण्यांनी परत "केमो लावली का" विचारायला सुरुवात केली. हे औषध गाठीला हातच लावत नाही. आपल्या टी-पेशींवर, म्हणजे रक्तातल्या राखणदार पांढऱ्या पेशींवर, पीडी-1 नावाचा एक ब्रेक असतो. गाठ तो दाबून त्यांना गप्प बसवते. निव्होलुमॅब त्या ब्रेकवर झाकण घालतं. तासुकू होन्जो यांनी पीडी-1 शोधला, जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-4 नावाच्या दुसऱ्या ब्रेकचा उपयोग दाखवला, दोघांना त्याच वर्षी नोबेल मिळालं. ब्रेक निघाला की टी-पेशी कुठेही जाऊ शकतात. आतड्यात गेल्या तर तिथे सूज, म्हणजे कोलायटिस, फुप्फुसात गेल्या तर तिथली सूज, न्यूमोनायटिस, शिवाय लिव्हर, सांधे, पिट्युटरी, कधी स्वादुपिंडावर हल्ला होऊन रातोरात इन्शुलिनवर. आणि औषध बंद करून काही महिने झाल्यावरसुद्धा. मामाला फक्त खाज आणि सांधेदुखी झाली. तळपाय बरे झाले, त्याने मिशी परत वाढवली, ती काळी आली. नंतर तो गेला, कॅन्सरनेच गेला, पण त्या दीड-दोन वर्षांत तो भाकरी हाताने मोडून जेवला.

आता तर दोन्ही जातीची औषधं एकत्र देतात. ॲक्सिटिनिबबरोबर निव्होलुमॅबच्याच जातीच्या पेम्ब्रोलिझुमॅबला 2019 मध्ये मंजुरी आली. ओपीडीत मामाशेजारी बसणाऱ्या एक काकू त्याच्यावर होत्या आणि त्यांना जुलाब लागले. जुलाब दोन्ही औषधांनी होतात, पण उपाय अगदी वेगळे. ॲक्सिटिनिबमुळे असतील तर गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत ओसरतात, कारण काही तासांतच ते रक्तात निम्मं होतं. पेम्ब्रोलिझुमॅबमुळे असतील तर ते अंगात आठवडेच्या आठवडे राहतं, थांबवून उपयोग नाही. स्टिरॉइड लागतं, आणि उशीर केला तर आतड्याला भोक पडू शकतं. डॉक्टरांनी काकूंची गोळी थांबवली, ॲडमिट केलं आणि वाट बघितली. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले. काकूंच्या मुलाने दुकानातून जुलाबाची गोळी आणून घरीच भागवलं असतं तर हे कळायला वावच नव्हता.

पैशाचं बोलल्याशिवाय हा विषय आपल्याकडे पुरा होत नाही. सोराफेनिबचा महिन्याचा खर्च एकेकाळी 2,80,000 रुपयांच्या घरात होता. मार्च 2012 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून पी. एच. कुरियन यांनी नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय औषध बनवायची मुभा, दिला, भारतातला पहिलाच, आणि तेच औषध महिना 8,880 रुपयांना विकायची अट घातली. मूळ कंपनी बायर मुंबई उच्च न्यायालयात गेली, 2014 मध्ये हरली, सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. मामाची सुनिटिनिबही भारतीय कंपनीची होती. निव्होलुमॅबसारख्या इम्युनोथेरपीच्या एका सलाइनच्या बिलासमोर मात्र एसटीचं पेन्शन म्हणजे दर्या में खसखस. मामीने पाटल्या मोडल्या.

सगळ्यात नवं औषध थेट मुळाशी जातं. बेल्झुटिफान. हिफचाच एक भाऊ हिफ-2, त्याला गोळीने गाठता येणार नाही असं बरीच वर्षं मानत होते. डॅलसच्या विद्यापीठातल्या संशोधकांना त्याच्या पोटात एक पोकळी सापडली आणि तिच्यात बसेल असं औषध घडवलं गेलं. 2021 मध्ये ते व्हीएचएलच्या घराण्यांसाठी मंजूर झालं आणि डिसेंबर 2023 मध्ये पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठी. याच्यात तळपाय सोलत नाहीत, बीपीची तेवढी काळजी नाही. पण तांबड्या पेशी वाढवायचा हुकूम हिफ-2 च देतं, तांबड्या पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक किडनीतून त्याच्याच सांगण्यावरून सुटतं. हुकूम देणाराच बंद केला, तर हिमोग्लोबिन उतरणारच. किडनीच्या गाठीच्या काही पेशंटचं हिमोग्लोबिन उलट अठराच्या वर गेलेलं मी लॅबमध्ये बघितलंय, मशिन बिघडलं समजून परत लावलंय. तिथे हिफ मोकाट असतं. बेल्झुटिफानवर तेच हिमोग्लोबिन आठ-नऊपर्यंत येऊ शकतं, कधी रक्त चढवावं लागतं. शिवाय काहींच्या रक्तातला ऑक्सिजन उतरतो. त्यामुळे ज्याला ही गोळी लागेल त्याच्या घरच्यांनी करोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटातून काढून त्यात नव्या बॅटऱ्या घालाव्यात, आणि आकडा खाली दिसला तर रविवार आहे म्हणून सोमवारची वाट बघू नये.